खोल्या किती?

मुंबई बंदराला लागून असलेली मांडवी ही धान्याची पेठ. खाली वखारी आणि गोण्यांच्या थप्प्या, वर माळ्यांवर आणि मागच्या अंधाऱ्या खोल्यांत माणसं. १८९६च्या पावसाळ्यात तिथं उंदीर मरून पडू लागले. मागोमाग माणसांना ताप येऊ लागला आणि जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. सप्टेंबरात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी या तापाचं नाव उच्चारलं : प्लेग. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मांडवीत वैद्यकी करणारे आणि महापालिकेचे सभासद. हे नाव उच्चारायला धैर्य लागत होतं. प्लेग म्हटलं की परदेशी बंदरं मुंबईच्या मालाला दारं लावणार, हे व्यापाऱ्यांना ठाऊक होतं आणि सरकारलाही. व्हिएगसांनी ते तरीही सांगितलं. धोबीतलावाजवळ आज त्यांचा पुतळा उभा आहे.

त्यानंतरच्या तीस-बत्तीस वर्षांत मुंबईत आरोग्याच्या नावाखाली जे कायदे आणि हुकूम निघाले, ते एकामागून एक वाचत गेलं की एक प्रश्न वारंवार पुढं येतो. तो कुठल्याही कायद्यात शब्दांत लिहिलेला नाही, पण प्रत्येक कायदा दारात आला की आधी तोच विचारला जायचा : तुमच्याकडे खोल्या किती? उत्तर काय येतं त्यावर आजारी माणूस घरात राहणार की पोलिसांच्या डोलीत बसणार, बाळ जगणार की मरणार, हे ठरत होतं. या प्रश्नाचीच ही हकीकत.

६ ऑक्टोबर १८९६ला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी एक जाहीरनामा काढला. ज्याला प्लेग झाला त्याला गरज पडली तर जबरदस्तीनं इस्पितळात हलवायचं, घर धुऊन काढायचं, सामान जाळायचं. रोग कशानं पसरतो हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता. उंदराच्या अंगावरच्या पिसवेचा संबंध मात्र १८९८मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर सिमों यांनी दाखवला, आणि तोही मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. अधिकाऱ्यांची समजूत होती की रोग घाणीत, ओलीत, कोंदट हवेत, म्हणजेच गरिबाच्या घरात मुरलेला असतो. म्हणून गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं उतरवली गेली. जी घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं, त्यांच्या दारावर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. माणसाला राहण्यास अयोग्य, असा त्यांचा अर्थ. आत राहणाऱ्या बहुतेकांना ती अक्षरं वाचताही येत नव्हती.

आर्थर रोडच्या इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, ही बोलवा गिरणगावात पसरली होती. ती पुरती खोटीही नव्हती. रोगी नेला जायचा तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असायचा, आणि घरच्या माणसाला शेवटचं पाणी पाजायलाही मिळायचं नाही. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या इस्पितळावर चाल केली. सरकार हादरलं आणि हुकूम सैल झाला. रोग्याला घरीच नीट वेगळं ठेवता येत असेल आणि उपचार होत असतील, तर त्याला हलवायचं नाही, असं ठरलं.

या सवलतीपाशी मी बराच वेळ थांबतो, कारण सगळी गोष्ट तिच्यात सामावलेली आहे. हल्ला केला गिरणी कामगारांनी, आणि सूट मिळाली ती ज्यांच्या घरात रोग्यासाठी वेगळी खोली होती त्यांना. वाळकेश्वरच्या बंगल्यात, गिरगावातल्या वाड्यात एखादी खोली रिकामी करता येत होती, वैद्य बोलावता येत होता. परळच्या, नागपाड्याच्या, कामाठीपुऱ्याच्या चाळीत एकाच खोलीत चूल, पाळणा आणि आळीपाळीनं झोपणारी गावाकडची चार माणसं. तिथं कुणाला कुठं वेगळं ठेवणार? हुकूम सर्वांना सारखाच होता. त्याच्या शब्दांत जात नव्हती, धर्म नव्हता, श्रीमंत-गरीब हा भेदही नव्हता. तरी घरात खोल्या किती, या एका गोष्टीनं त्यानं शहराचे दोन भाग केले. धोरणानं विषमता आणायला त्यात कुणाबद्दल द्वेष असावा लागत नाही, हे मला या एका कागदावरून कळलं.

पुढं ठिकठिकाणच्या समाजांना आपापली प्लेग इस्पितळं काढायची परवानगी मिळाली. ज्या समाजाकडे पैसा होता आणि पुढारी होते, त्यांनी ती उभारली. आपल्या माणसाला आपल्या हातचं अन्न आणि आपल्या देवाचं नाव मिळावं ही ओढ त्यामागं होती आणि ती समजण्यासारखी आहे. ज्यांच्यामागं शेट नव्हता, त्यांच्यासाठी सरकारी इस्पितळ होतंच. रेल्वे स्थानकांवरही तीच तऱ्हा. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरलेल्यांची रांग लागे, मळके कपडे आणि गाठोडं दिसलं की माणूस अडकवला जाई. पहिल्या वर्गाच्या उतारूंची तपासणी सौम्य असे. ‘क्वारंटीन’ हा शब्द लोकांच्या तोंडी ‘करंटीन’ झाला.

नव्या वर्षाच्या सुरुवातीला शहर ओस पडू लागलं. काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली. गिरण्यांचे बरेचसे कामगार कोकणातले आणि घाटावरचे. ते ज्या गावांकडं निघाले होते, त्यांतल्या देशावरच्या कित्येक गावांत त्याच साली दुष्काळ पडलेला होता. एकीकडं गाठीचा ताप आणि दुसरीकडं रिकामी कणगी, यांतून त्यांनी कणगी निवडली. मागं राहिलेल्यांची मात्र किंमत वाढली. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यापर्यंत अडकवून ठेवणाऱ्या गिरण्या आता रोजच्या रोज मजुरी द्यायला तयार झाल्या. रस्त्याच्या कोपऱ्यांवर मुकादम एकमेकांवर चढाओढ करून माणसं ओढू लागले. कामगारांच्या बाजूनं इतकी वर्षं बोलणारा माणूस ते पाहायला फार काळ राहिला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली होती आणि १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. प्लेगच्या रोग्यांसाठी धावता धावता ९ फेब्रुवारी १८९७ला ते प्लेगनंच गेले.

त्याच्या पाच दिवस आधी, ४ फेब्रुवारीला, दूर कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. चार कलमांचा कायदा. नेहमीचे कायदे अपुरे पडत आहेत असं सरकारला वाटलं, की त्याला वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील, आगगाडी आणि जहाजातला माणूस अडवता येईल, नियम मोडणाऱ्याला शिक्षा करता येईल. आणि या कायद्याखाली सद्‌हेतूनं काम करणाऱ्या कुणावरही दावा लावता येणार नाही. लोकांना सरकारनं काय द्यायचं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. औषध, अन्न, बुडालेली मजुरी, पाडलेलं घर, यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. अधिकार सारे सरकारचे, आणि सोसायचं सारं लोकांनी. त्या काळच्या अधिकाऱ्यांना घाई होती, भीती होती, युरोपातल्या बंदरांचा दबाव होता, हे सगळं मान्य करूनही हा कायदा एका बाजूला कलंडलेला आहे, हे माझं मत कायम राहतं.

पुण्यात त्या कायद्याचं काय झालं ते मराठी माणसाला शाळेपासून माहीत आहे. वॉल्टर रँड, गोऱ्या शिपायांच्या तुकड्या, घराघरांत शिरून झडत्या, माजघर आणि देवघर तुडवलं जाणं, बायकांची उघड्यावर तपासणी. सरकारी प्लेग इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते याबद्दल पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग इतका सांगितला गेला आहे की तो थोडक्यात आटोपून मी त्याच वर्षातल्या, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाकडं येतो.

हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला स्वतःच्या पाठीवर घालून आणलं. तो मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ला गेल्या. सरकारच्या डोलीची गावाला धास्ती होती, पण महारवाड्यातल्या रोग्याला उचलायला गाव स्वतः तरी पुढं येत होतं का? सरकारचा जुलूम आणि समाजाची शिवाशीव, हे दोन्ही त्या मुलाच्या वाट्याला एकाच वेळी आले होते. प्लेगच्या इतिहासातली ही बाजू आपण कमी सांगतो, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मुंबईत ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत प्लेगची तपासणी करणारं पथक एका आजारी मुलीला तपासायला गेलं. घरच्यांनी अडवलं, जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला. पुढच्या दिवसांत गोदी कामगार आणि बैलगाडीवाले कामावर गेले नाहीत. बंदर ठप्प झालं की सरकारला ऐकू येतं. त्या वर्षानंतर जबरदस्ती ओसरत गेली. हाफकिन यांची लस तोवर आली होती. त्यांनी ती १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. हळूहळू लस टोचून घ्या, घर सोडून मोकळ्या माळावर झोपडीत राहा, असं समजावण्यावर भर आला. तरी रोग जायचं नाव घेईना. १८९१च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती, १९०१मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. देशभरात पुढच्या दोन दशकांत प्लेगनं १ कोटीहून जास्त बळी घेतले.

शिपाई मागं गेले आणि इंजिनिअर पुढं आले. १८९८मध्ये गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. उद्देश चांगला होता, हे मी मनापासून म्हणतो. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे म्हणजे समुद्रावरचा वारा आत शिरेल, खुराडी पाडायची, कामगारांसाठी स्वच्छ चाळी बांधायच्या, उत्तरेकडं नवी वस्ती वसवायची. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही ट्रस्टचीच कामं. पण ट्रस्टच्या मंडळावर कोण होतं ते पाहावं. एकूण चौदा विश्वस्त. त्यांत सरकारी अधिकारी आणि सरकारनं नेमलेले सभासद, व्यापारी मंडळाचा एक, गिरणीमालकांचा एक, बंदर ट्रस्टचा एक, आणि महापालिकेनं निवडलेले चार. महापालिकेतही मत होतं ते कर भरणाऱ्यांना, म्हणजे घरमालकांचाच आवाज मोठा. ज्याची खोली पडणार होती, त्या भाडेकरूचं तिथं कुणी नव्हतं.

परिणाम ठरलेलाच होता. नागपाड्यातली घरं पाडली, जमीनमालकाला मोबदला मिळाला. भाडेकरूला मिळाली ती जागा सोडायची नोटीस. तो जाणार कुठं? गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावरच त्याला राहायला हवं, कारण ट्रामचं भाडं त्याला परवडत नव्हतं. तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या दुसऱ्या चाळीत शिरला. एक वस्ती मोकळी झाली आणि तिच्या बाजूची अधिक कोंदली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे या कामात जीव ओतणारे गृहस्थ. प्रत्येक खोलीत उजेड आणि हवा आलीच पाहिजे, यासाठी त्यांनी ६३.५ अंशांच्या कोनाचा नियम धरून ठेवला. साध्या भाषेत, समोर जितकी मोकळी जागा, त्याच्या दुपटीहून इमारत उंच नको. नियम उत्तम होता. पण उजेड आला की भाडं वाढतं आणि पगार तिथंच राहतो, हे गणित ट्रस्टच्या कक्षेत येत नव्हतं. दादर-माटुंग्याला ट्रस्टनं आखलेल्या वसाहती आजही मुंबईतल्या सर्वांत देखण्या वस्त्यांत मोडतात. रुंद पदपथ, झाडं, मैदानं. त्या वसल्या मध्यमवर्गानं. मांडवी आणि नागपाड्यातून उठवलेला माणूस तिथवर पोचला नाही. प्लेगच्या भीतीतून उभा राहिलेला पैसा आणि कायदा, प्लेगनं ज्यांना सर्वांत जास्त मारलं त्यांना ओलांडून पुढं गेला.

१९२०मध्ये गव्हर्नर लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागं १ रुपया कर बसला. संकल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याही नीट झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्या बीडीडी चाळी : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. काँक्रीटच्या तगड्या भिंती, आणि प्रत्येक खोली १६ फूट बाय १० फूट. पुन्हा एकच खोली.

एका खोलीचा अर्थ काय, ते १९२१च्या आकड्यांनी सांगितलं. त्या वेळी मुंबईतली दोन तृतीयांश माणसं एकखोली बिऱ्हाडात राहत होती. आरोग्य खात्यानं तान्ह्या मुलांच्या मृत्यूंची नोंद घरातल्या खोल्यांप्रमाणे मांडली. एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत हजार जन्मांमागं ८२८ मृत्यू. दोन खोल्यांत ३२२. तीन खोल्यांत १९१. चार किंवा जास्त खोल्यांत १३३. पहिला आकडा जसाच्या तसा घेऊ नये, हेही सांगायला हवं. कामगारांच्या बायका बाळंतपणाला गावी जात, बाळ घेऊन परत येत. जन्म रत्नागिरीत लागे आणि मृत्यू मुंबईत, त्यामुळं एकखोली घरांचा दर फुगलेला दिसतो. शिवाय १९२१ हे वर्षच वाईट होतं. पण फुगवटा काढून टाकला तरी पायऱ्या पुसल्या जात नाहीत. एक खोली वाढली की पाळणे वाचत होते. १८९६चा जाहीरनामा जे न बोलता विचारत होता, त्याचा हिशेब पंचवीस वर्षांनी कागदावर आला.

खोली हे नुसत्या जागेचं माप नव्हतं. दोन खोल्या घेणाऱ्याचा पगार जास्त, घरात दूध जास्त, बाईला बाळंतपणानंतर थोडी उसंत. गिरण्यांत तेव्हा पाच कामगारांमागं एक बाई होती, बहुतेक रीलिंग आणि वाइंडिंग खात्यात. मुंबई सरकारनं या बायकांची पाहणी करायला डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरला नेमलं. १९२२मध्ये त्यांनी जे मांडलं ते वाचवत नाही. दिवस भरेपर्यंत बाई यंत्रावर उभी, आणि बाळंत झाल्यावर काही आठवड्यांत परत यंत्रावर, कारण सुट्टी म्हणजे मजुरी बंद. बाळ रडू नये, घरी शांत पडून राहावं म्हणून त्याला बाळगोळी चारायची. बाळगोळीत अफू असायची. आईला दोष देणारे तेव्हाही होते. खोलीत सांभाळायला कुणी नाही आणि एक खाडा झाला तर जागा जाते, अशा बाईपुढं दुसरा कोणता मार्ग होता, हे त्यांनी सांगायला हवं होतं.

हे सगळं सरकारच्या दप्तरात १९२२मध्येच होतं. माहितीची उणीव नव्हती. १९२४मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. पण १९१९च्या सुधारणांनंतर मुंबईच्या कौन्सिलात थोडी वेगळी माणसं येऊ लागली होती. मताधिकार तोकडा होता, तरी दार किलकिलं झालं होतं. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ला ठराव मंजूर करून घेतला : सरकारी पैशानं बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असले पाहिजेत. दवाखाने हा शब्द त्या यादीत आहे, याकडं लक्ष द्यावं. दवाखाना बांधला म्हणजे तो सर्वांचा झाला असं नसतं. पायरी चढायची मुभा कुणाला, हेही धोरणातच लिहावं लागतं. त्या ठरावातल्या पाण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, इतका कागद आणि जमीन यांत फरक होता.

महाडला जाणारा माणूस इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होता. परळ, पोयबावडी, चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोली क्रमांक ५० आणि ५१. आंबेडकरांचं कुटुंब १९१२च्या सुमारास तिथं आलं आणि १९३४पर्यंत बाबासाहेबांचा पत्ता तोच राहिला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या याच खोल्यांत परत आल्या. एका खोलीत पुस्तकं आणि भेटायला येणारे लोक, दुसरीत संसार. बाबासाहेब आणि रमाबाई यांना पाच मुलं झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. एकटे यशवंत जगले. राजरत्न सर्वांत धाकटा. तो १९२६च्या जुलैत गेला.

पुढच्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलच्या सभासदत्वाची शपथ घेतली. आसवले यांनी कौन्सिलात गिरणीतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं, आणि २८ जुलै १९२८ला बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलायला उभे राहिले. राजरत्नला जाऊन दोन वर्षं झाली होती. भाषणात त्यांनी स्वतःच्या घराचा उल्लेख केला नाही. उद्योगावर बोजा पडेल, हा आक्षेप होता. त्यांचं म्हणणं असं की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनंच उचलला पाहिजे. पण बाईच्या श्रमातून ज्याला नफा होतो, तो मालकही यातून सुटू शकत नाही. तीस वर्षं सरकार रोग भिंतीत शोधत होतं. इथं कुणीतरी सरकारी सभागृहात उभं राहून सांगितलं की बाळ वाचवायचं असेल तर आईची मजुरी चालू राहिली पाहिजे. हे सांगणारा माणूस चाळीतून आला होता. योगायोगावर माझा विश्वास आहे, पण हा योगायोग मला वाटत नाही.

१९२९मध्ये मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. देशातला असा पहिला. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, मुंबईसारख्या शहरात दिवसाला ८ आणे, कामावर न जाता. खर्च मालकाच्या माथी राहिला, सरकारनं आपला वाटा उचलला नाही. त्यामुळं काही गिरण्यांनी बायकांना घेणंच कमी केलं, बाळंतपणाच्या आधीच कामावरून कमी करण्याचे प्रकारही झाले. बाबासाहेबांनी पैसा सरकारनं द्यावा असं का म्हटलं होतं, ते तेव्हा कळलं असेल. घरी विणणारी बाई, मोलकरीण, बिगारी, खानावळ चालवणारी, यांपैकी कुणीही या कायद्यात नव्हतं. देशभराचा मातृत्व लाभ कायदा १९६१मध्ये आला. घरकाम करणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या बहुसंख्य बायकांना पगारी बाळंतरजा आजही नाही.

ट्रस्ट १९३३मध्ये महापालिकेत विलीन झाला. पुढच्या वर्षी बाबासाहेब परळच्या चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ला राहायला गेले. तीही ट्रस्टनंच आखलेली वसाहत.

१८९७चा तो चार कलमांचा कायदा मात्र कुठं गेला नाही. कोरोनाच्या साथीत, १३ मार्च २०२०ला, महाराष्ट्र सरकारनं तो पुन्हा लागू केला. घरी विलगीकरणात राहणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या : हवेशीर, वेगळ्या खोलीत राहावं, शक्य तर स्वतंत्र शौचालय असावं. धारावीत ते शक्यच नव्हतं, म्हणून महापालिकेनं शाळा आणि सभागृहं घेऊन विलगीकरण केंद्रं उघडली, तिथं जेवणाची सोय केली. एवढं तरी सव्वाशे वर्षांत बदललं होतं. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. त्यांतला एक माटुंग्याचा ‘एफ उत्तर’, जिथं ट्रस्टच्या रुंद पदपथांच्या वसाहती आहेत आणि वडाळा-अँटॉप हिलच्या झोपड्याही. विषाणू येऊन गेल्याच्या खुणा तिन्ही प्रभागांतल्या इमारतींमधल्या १६ टक्के लोकांत सापडल्या. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के.